वंश व अस्मिता या विषयात नापास करणेबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
श्रीमती शरयूबाई ठोसर कला महाविद्यालय,
सांगली.

अर्जदार: कु. विजयमाला आकाराम जगदाळे, बी.ए. (उत्तीर्ण), मु. बेलओढा, आष्ट्याजवळ, ता. वाळवा, जि. सांगली.

विषय: ‘वंश, जनसमूह व अस्मिता’ या दुय्यम विषयात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या अर्जदारास तिच्या लग्नाआधी नापास करून मिळणेबाबत.

संदर्भ:
१) अर्जदाराचा श्रावणातील अर्ज. उत्तर नाही.
२) अर्जदाराचा भाद्रपदातील अर्ज. उत्तर: “उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या तक्रारीसाठी छापील नमुना उपलब्ध नाही.”
३) कार्यालयाच्या खिडकीतून मिळालेले तोंडी उत्तर: “पास झालात ना? मग घरी जा आणि पेढे वाटा.”

महोदय,

१. अर्जात ‘मी’ लिहू नये, ‘अर्जदार’ लिहावे, म्हणजे अर्ज अर्जासारखा दिसतो, असे आपल्या कार्यालयातील लेखनिकांनी सांगितले. त्यावरून या अर्जात सर्वत्र तसेच लिहिले आहे. अस्मितेचा अभ्यास पुरा केलेल्या विद्यार्थिनीला ‘मी’ म्हणण्याची बंदी व्हावी, हे अभ्यासक्रमाला धरूनच असेल असे समजून अर्जदार मुकाट पुढे जाते.

२. अर्जदार ही बेलओढ्याचे शेतकरी श्री. आकाराम जगदाळे यांची थोरली मुलगी. गावातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. मुख्य विषय मराठी. दुय्यम विषय निवडताना अर्जदाराने ज्ञानाचा विचार केला असे खोटे लिहिण्यात अर्थ नाही. भूगोलाचा तास आष्ट्याची पहिली एस.टी. सांगलीत पोचायच्या आत संपायचा आणि अर्थशास्त्राचा तास शेवटची एस.टी. सुटल्यावर सुरू व्हायचा. दोन एस.टी.च्या मध्ये बसणारा विषय एकच निघाला. तेव्हा अर्जदाराला वंशाची गोडी राज्य परिवहन महामंडळाने लावली, असे म्हटले तरी चालेल.

३. विषय शिकवणारे प्रा. गंगाधर मोघे हे मूळचे वाईचे. माणूस मनाने वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवते. खेड्यातून येणाऱ्या मुलींना ते आपली पुस्तके घरी न्यायला देत आणि पाने दुमडली तरी रागावत नसत. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला उभे करून “तुम्ही कोण?” असे विचारले. कोणी नाव सांगितले, कोणी गाव, कोणी बापाचे नाव. सरांनी सगळी उत्तरे चूक दिली. माणूस कोण आहे हे त्याला स्वतःला माहीत नसते, ते त्याच्या कवटीला माहीत असते, असे ते म्हणाले आणि टेबलाच्या खणातून एक वाकड्या टोकांचा लोखंडी चिमटा काढून दाखवला. डोक्याची लांबी मोजायची, रुंदी मोजायची, एकीने दुसरीला भागायचे. जो आकडा येईल त्यावरून मनुष्य दीर्घशीर, मध्यमशीर की रुंदशीर ते ठरते आणि तो कुठून आला तेही कळते. बेलओढ्याची माणसे आष्ट्याच्या बाजारातून आली असतील एवढाच अंदाज अर्जदाराला तोवर होता.

४. प्रात्यक्षिक म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने एकेका गावातील पुरुषांची डोकी मोजून आणायची होती. अर्जदाराच्या वाट्याला तिचेच गाव आले. वर्गातल्या सिद्धूला पाटण तालुक्यातील, कोयनानगरच्या अलीकडचे खडकओहोळ हे गाव मिळाले. या दोन गावांचा पुढे अर्जदाराच्या आयुष्याशी काय संबंध आहे ते कलम ८ मध्ये येईल.

५. आता मूळ मुद्दा. माघ महिन्यात अर्जदार चिमटा घेऊन मारुतीच्या पारावर बसली. डोकी मोजणार अशी दवंडी सरपंच गुंडा आप्पा जगदाळे यांनी आदल्या दिवशीच दिली होती. मोजायचे म्हटल्यावर नीट दिसावे म्हणून सगळे गडी जत्रेतले, लग्नातले पटके बांधून आले. कोणी आतून पंचा गुंडाळला होता, कोणी शेजाऱ्यापेक्षा एक वेढा जास्त घेतला होता. अर्जदाराने पहिल्याच माणसाला, म्हणजे खुद्द सरपंचांना, पटका उतरवायची विनंती केली. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देते: “पोरी, पटका काढाय काय माझा बा मेलाय व्हय?”

महोदय, आपण शहरात राहता म्हणून खुलासा करते. आमच्याकडे चारचौघांत गड्याचे डोके उघडे पडते ते घरात माणूस गेल्यावरच. धडधाकट घराच्या कर्त्या पुरुषाने भर पारावर बोडके बसणे म्हणजे स्वतःच्या हाताने अपशकुन ओढवून घेणे. त्यातून सांगणारी गावचीच लेक. अर्जदाराची आई रंगूबाई हिने पारावर येऊन सर्वांदेखत दम भरला, “बापाला बोडकं करणारी लेक म्हणून मला गावात तोंड दावता येणार न्हाई. मोजायचं ते वरनंच मोज.” तेव्हा अर्जदाराने वरूनच मोजले. प्रत्येक आकड्यापुढे ‘पटक्यासह’ असा शेरा लिहिला. लपवाछपवी कसली नव्हती.

६. वही देताना अर्जदाराने सरांना तोंडीही सांगितले की सर, ही डोकी नव्हेत, हे कापड आहे. सर हसले. म्हणाले, “कु. जगदाळे, अडाणी गावातल्या अडचणी शास्त्राला ठाऊक असतात. त्याची तजवीज आम्ही करतो.” तजवीज अशी की, वाईच्या घरी खुंटीवर त्यांच्या आजोबांची पगडी होती. तिची जाडी मोजून तेवढी त्यांनी प्रत्येक आकड्यातून वजा केली. आजोबांची पगडी शिवलेली, हलकी, संध्याकाळी फिरायला जायची. बेलओढ्याचा पटका उन्हातानात नांगरामागे चालणारा. हा फरक वजाबाकीत मावला नाही. राहिलेल्या आकड्यांवरून सरांना असे दिसले की, इतकी रुंद डोकी पश्चिम हिंदुस्थानात दुसरीकडे कुठेच नाहीत. उन्हाळ्यात त्यांनी पुण्यात निबंध वाचला, “वारणाकाठच्या रुंदशीर वंशाचा शोध”. त्याची बातमी सांगलीच्या पेपरात आली. जून महिन्यात अर्जदाराला प्रात्यक्षिकात वर्गात सर्वांत जास्त गुण पडले. खडकओहोळला माणसे पांढरी टोपी घालतात आणि घाम पुसायला ती दिवसातून दहा वेळा काढतात. म्हणून सिद्धूने उघडी डोकी बरोबर मोजली, ती मध्यमशीर निघाली आणि बिचाऱ्याला काठावर पास व्हावे लागले.

७. पेपर गावात आला आणि गावाची मान ताठ झाली. तशी ती पटक्याच्या वजनानेही झाली असेल. एस.टी.च्या थांब्यावर ‘रुंदशीर बेलओढा आपले स्वागत करीत आहे’ अशी पाटी लागली. जो तो आपण कुठून आलो ते सांगू लागला, कोणी इराण म्हणे, कोणी हिमालयापलीकडचा मुलूख. ज्यांनी कऱ्हाडपलीकडे पाऊल टाकले नव्हते त्यांना अचानक वाळवंटातल्या घोड्यांची आठवण येऊ लागली. केरबा न्हावी हा सर्वांची डोकी रोज हाताळणारा, तो तरी खरे बोलेल अशी अर्जदाराची आशा होती. तो म्हणाला, “डोकी लय रुंद हायती गावाची. वस्तरा झिजून जातोय माजा.” आणि त्याने बलुत्याला एक पायली जोंधळा वाढवून मागितला. गावाने तो आनंदाने दिला. आपले डोके मोठे आहे असे सांगणाऱ्याला आजवर कोणी उपाशी ठेवलेले नाही.

श्रावणात चावडीवर ठराव झाला की, रुंदशीर वंश शुद्ध राहावा म्हणून गावची लेक रुंदशीराशिवाय कुठे द्यायची नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्यावर एका म्हाताऱ्याने विचारले की असली डोकी आणखी कुठल्या गावाला आहेत. सरांच्या निबंधाप्रमाणे कुठेच नाहीत. आता बेलओढा म्हणजे एक भावकी, सगळे जगदाळे, सगळ्यांचे देवक एक. गावातल्या गावात सोयरीक करणे म्हणजे बहीण-भावाचे लग्न लावणे. भावकीत लग्न होत नाही आणि भावकीबाहेर वंश नाही. महोदय, एका दुपारच्या ठरावाने अख्खे गाव कुंवार राहायला मोकळे झाले.

इथे आईने एक प्रश्न विचारला तो नोंदवणे भाग आहे, कारण पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर अर्जदाराला सापडले नाही. “आवं आप्पा, आमा बायकांची डोकी कुणी मोजली न्हाईत. आमी तर समद्या भायेरच्या गावच्या. मग आमच्या पोटची पोरं कोण?” सरपंच म्हणाले, “बाई आली की ती गावची झाली.” मग बाई गेली की तिकडची होते, तर लेक द्यायला अडचण कसली, असे आईने विचारताच सभा संपल्याचे जाहीर झाले.

८. अर्जदाराचे लग्न या ठरावात अडकले. मुलगा खडकओहोळचा, नाव कृष्णात, फौजेत शिपाई. पौषात औंधच्या यात्रेत यमाईच्या पायऱ्यांखाली मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम झाला. त्याने अर्जदाराला एकच प्रश्न विचारला, कॉलेजात काय शिकता. अर्जदाराने विषयाचे पूर्ण नाव सांगितले. तो हसला नाही, “लय लांब नाव हाय, दमला असाल,” एवढेच म्हणाला. वैशाखात सुपारी फुटली. त्याची रजा मार्गशीर्षात, म्हणून लग्न मार्गशीर्षात ठरले. अर्जदाराला तो पसंत आहे. हे वाक्य अर्जात शोभत नसेल तर कार्यालयाने तांबड्या शाईने खोडावे, पण ते खोटे नाही.

श्रावणात सरपंचांनी वडिलांना कळवले की खडकओहोळ मध्यमशीर आहे, सोयरीक मोडा. कृष्णातला हे कळले तेव्हा त्याचे पठाणकोटहून पत्र आले. त्यात तो लिहितो, “गावाला सांगा, हितं पलटणीत एकच लोखंडी टोप समद्या मुलकाच्या डोक्याला बसतो. पंजाब्याला बसतो, मद्राश्याला बसतो, मला बी बसतो. आप्पांस्नी पायजे तर एक धाडून देतो.” पत्र चावडीवर वाचले गेले. सरपंच म्हणाले, सरकारी मालाचे माप कधी बरोबर असते का. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि सांगलीपर्यंत येते. त्या पाण्याला अजून कोणी वंश विचारलेला नाही, पण चार दिवसांत विचारतील.

९. अर्जदार आपणास समक्ष भेटली तेव्हा आपण सांगितले की, विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे प्रात्यक्षिकात विद्यार्थी उत्तीर्ण असेल तर त्याची मापे प्रमाण मानली जातात. विद्यार्थी नापास झाला तरच त्याची मापे रद्द होतात. ते ऐकून अर्जदाराने नापास करण्याचा अर्ज केला. नापासाला पास करण्याचा नमुना कार्यालयात आहे, पासाला नापास करण्याचा नाही. शेवटी फेरतपासणीचा फॉर्म भरून अर्जदाराने ‘मला पडलेले गुण अन्यायाने जास्त आहेत’ असे कारण लिहिले. महिन्याने निकाल आला. प्रामाणिकपणाबद्दल आणखी चार गुण वाढले होते.

१०. दिवाळीनंतर प्रा. मोघे पुण्याच्या दोन विद्वानांना घेऊन गावात आले. पार सारवला होता, रांगोळी होती, माणसे ओळीने बसली होती. पटके एवढे फुगले होते की मागच्या रांगेला पुढचे काही दिसेना. पाहुण्यांना पद्धत दाखवायला सरांनी आपली उत्तम विद्यार्थिनी म्हणून अर्जदारालाच पुढे बोलावले आणि हातात चिमटा दिला. अर्जदार सरपंचांसमोर उभी राहून म्हणाली, “आप्पा, आज पटका काढा.” त्यांनी मान फिरवली. शेजारच्याला विचारले, त्याच्या शेजारच्याला विचारले. एकाने खाली पाहिले, एक उठून पाणी प्यायला गेला. सर इंग्रजीत पाहुण्यांना काही सांगत होते आणि पाहुणे माना डोलवत होते.

तेव्हा मागच्या रांगेतून वडील उठले. या सगळ्या प्रकरणात ते एक अक्षर बोलले नव्हते. त्यांच्या डोक्यावर त्यांच्या लग्नातला पटका होता, माघात मोजला तोच. ते पुढे आले, अर्जदाराच्या समोर पारावर बसले आणि दोन्ही हातांनी पटका उतरवून मांडीवर ठेवला. “मोज बाळ,” म्हणाले.

अर्जदाराने वडिलांचे डोके चारचौघांत उघडे पाहिले होते ते आजोबा वारले तेव्हा. कपाळावर जिथपर्यंत पटका येतो तिथे एक रेघ आहे, तिच्याखाली चेहरा उन्हाने काळा आणि वर डोके गोरे, लहान मुलासारखे. लाज वाटली, आणि वडिलांचा एवढा अभिमान वाटला की रडू आले. तशाच डोळ्यांनी आकडा वाचला. तो खडकओहोळच्या आकड्यांच्या मधोमध पडला. सिद्धूच्या वहीतले कृष्णातच्या बापाचे डोके आणि अर्जदाराच्या बापाचे डोके एकाच मापाचे निघाले.

मग प्रा. मोघे पाहुण्यांकडे वळून म्हणाले, “एका उदाहरणाने सिद्धांत ढळत नसतो. हे गृहस्थ बहुधा बाहेरून आलेले असावेत.” बुडत्याला काडी मिळावी तसे सरपंचांनी ते वाक्य धरले. “व्हय, आकाराम आमच्यातला न्हाईच,” ते म्हणाले, “मला आधीपास्नंच वाटत हुतं.” सरपंचांचा आजा आणि अर्जदाराचा पणजा हे सख्खे भाऊ. दोघांच्या शेताला बांध एक आहे.

दिवेलागणीला शेजारची साळूबाई पदराखाली भाकरी आणि पिठले झाकून घेऊन आली. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी आणतात तसे. बोडके डोके पाहून तिच्या हातून सवयीने झाले असावे. कोण गेले, हे तिनेही विचारले नाही आणि आईनेही सांगितले नाही. दोघी उंबऱ्यात बसून रडल्या. भाकरी कोणी खाल्ली नाही.

११. आता हा अर्ज कशासाठी, असे आपण विचाराल, कारण लग्नाची आडकाठी तर निघाली. दुसऱ्या दिवशी सरपंचांचा निरोप आला, “आकारामानं लेक पायजे तिकडं द्यावी. मध्यमाची लेक मध्यमात.” खडकओहोळचे लोक तयारच होते. मार्गशीर्षातला मुहूर्त कायम आहे. अर्जदाराचे लग्न होईल.

पण महोदय, लग्न नवरा-नवरीचे असते असे फक्त शहरात वाटत असावे. मांडवाच्या मेढी भावकीने रोवायच्या असतात. देवक भावकीने बसवायचे असते. वऱ्हाडाला सामोरे भावकीने जायचे असते. यातला कोणीही येणार नाही. चुलत्याने बांधावरून बोलणे बंद केले आहे. बेलओढ्यात जन्मलेला, बेलओढ्यात ऊस लावणारा माणूस आपल्या गावात पाहुणा झाला आहे. वडील तक्रार करीत नाहीत. सकाळी मळ्यात जातात, उसाच्या कडेला बसतात, पाण्याची पाळी आली तरी उठत नाहीत. आईने जेवायला हाक मारली तर “तुमी जेवा” म्हणतात. लेकीने सासर मिळवले आणि बापाचे गाव घालवले, असा हा व्यवहार झाला आहे. अर्जदाराला तो मान्य नाही.

१२. गावाचेही फार सुखाचे चालले आहे असे नाही. उपवर मुलीमुलांची घरे घायकुतीला आली आहेत. मागच्या आठवड्यात सरपंचांच्या मंडळी हरणाबाई गोवऱ्या मागण्याच्या निमित्ताने परड्यात आल्या. त्यांची धाकटी दोन वर्षांपासून लग्नाची आहे. त्या म्हणाल्या, “माले, आमच्या मालकांचं डोस्कं गुपचूप गोठ्यात मोजशील का? मध्यम निघालं तर बरं हुईल गं. पर कुणाला सांगू नगंस.” अर्जदाराने विचारले, आप्पा गोठ्यात पटका काढतील का? त्या म्हणाल्या, “मोडतील पर वाकणार न्हाईत.” आणि गोवऱ्या न घेताच गेल्या.

तेव्हा परिस्थिती अशी आहे: गावाला या वंशातून बाहेर पडायचे आहे, पण पटका न काढता. ते करून देणे महाविद्यालयाच्या हातात आहे. गावाचा माणसाच्या शब्दावर विश्वास नसला तरी गोल शिक्क्यावर आहे. ‘कु. जगदाळे हिने मापे चुकीची घेतली, सबब ती नापास’ असा शिक्क्याचा कागद चावडीवर वाचला गेला, तर कोणाचाच पटका हलणार नाही. सरपंच खोटे पडणार नाहीत, सर खोटे पडणार नाहीत, पुण्याचे पाहुणेही खोटे पडणार नाहीत. पोरीला मोजता आले नाही, पोरींना शिकवून असेच होते, असे चार दिवस बोलतील आणि वडिलांना जेवणाच्या पंगतीला बोलावतील. सगळा दोष अर्जदाराच्या डोक्यावर येऊ द्यावा. ते किती रुंद आहे हे कोणी मोजलेले नाही, पण एवढे त्यावर मावेल.

१३. सबब विनंती अशी की,
(अ) अर्जदारास सदर विषयात लग्नाच्या मुहूर्तापूर्वी नापास करावे.
(आ) एवढे गुण एकदम काढता येत नसतील तर पास होण्याला एक गुण कमी पडेल इतपत तरी ठेवावेत. शून्याचा आग्रह नाही.
(इ) तसे पत्र गोल शिक्क्यासह सरपंच, बेलओढा यांच्या नावे रजिस्टर टपालाने पाठवावे.
(ई) दुय्यम विषय गेला तर बी.ए. जाईल, हे अर्जदारास माहीत आहे. आष्ट्याच्या शाळेत मास्तरणीची जागा तोंडी कबूल झाली होती, तीही जाईल. अर्जदाराने याचा विचार करून झाला आहे. शिकायची हौस होती, अजून आहे, आणि हे लिहिताना वाईट वाटते. तरी अर्ज मागे घेणार नाही.

पुराव्याशिवाय अर्ज घेता येत नाही, डोक्यावर पटका होता याचा मूळ पुरावा आणा, असे परवा खिडकीवर सांगण्यात आले. तो सोबत जोडला आहे.

कळावे. आपली, तूर्त उत्तीर्ण,

(सही) कु. विजयमाला आकाराम जगदाळे
बेलओढा, दि. २८ नोव्हेंबर १९७४

सोबत:
१) गुणपत्रिका, वाढलेल्या गुणांसह.
२) लग्नपत्रिका. प्रेषकांमध्ये ‘समस्त जगदाळे भावकी’ असे छापायची जागा कोरी ठेवली आहे. छापखान्याने रविवारपर्यंत थांबायचे कबूल केले आहे.
३) श्री. आकाराम जगदाळे यांचा पटका, एक, गुलाबी, स्वतःच्या लग्नातला. घडी त्यांनीच घालून दिली. कार्यालयाने हवा तसा मोजावा, परंतु मुहूर्तापूर्वी परत करावा. दुसरा बांधा म्हटले तर ते ऐकत नाहीत, आणि लेकीवर अक्षता टाकताना बाप बोडका उभा राहिला तर लोक विचारतील, घरात कोण गेले.